थांबलेल्या गाडीचा खर्च कोणाचा?

पश्चिम महाराष्ट्रातल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत एक मत घट्ट बसलेलं आहे. लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन हा विषय खरा शिकायचा तर पोरांनी भिवंडीची गोदामं पाहावीत, चाकणचे वाहन कारखाने पाहावेत, न्हावाशेवाचं बंदर पाहावं. ते जमत नसेल तर इंग्रजी पाठ्यपुस्तक, परदेशी कंपन्यांच्या केस स्टडी आणि संगणकावरचं सिम्युलेशन. वारणानगरसारख्या ठिकाणी राहून बीबीए किंवा एमबीए करणाऱ्याच्या नशिबी हा दुसरा मार्गच येतो, असं शिक्षक हळहळत सांगतात, पालक मान डोलावतात आणि कॅम्पस मुलाखतीला येणारे अधिकारी त्यावर शिक्का मारून जातात. मग ऊस आणि दूध? ते सहकाराच्या पेपरात, शेतीच्या पेपरात, फार तर निवडणुकीच्या गप्पांत. सप्लाय चेनच्या तासाला त्यांचं नाव निघत नाही.

हे मत साफ चुकीचं आहे. गावाच्या अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. अभिमानाची भाषणं वारणेच्या खोऱ्यात वर्षभर होत असतात, त्यात माझी भर नको. माझं म्हणणं अभ्यासापुरतं आहे. साखळीत कुठेतरी माल थांबतो, तेव्हा त्या थांबण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हा या विषयातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात टाळला जाणारा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तक 'साखळीचा एकूण खर्च' कमी करायला शिकवतं आणि तिथेच थांबतं. मोठ्या कंपनीच्या गोदामातही तो प्रश्न सहसा झाकलेला राहतो, कारण आत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला एकाच मालकाची खातेवही दिसते. उसाच्या यार्डात मात्र तो डोळ्यांसमोर उभा असतो, ट्रॉलीवर लादलेला.

पन्हाळा तालुक्यातलं वारणानगर हे गाव तात्यासाहेब कोरे यांनी वसवलं. १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना, १९६४ मध्ये महाविद्यालय, १९६८ मध्ये दूध संघ, सत्तरच्या दशकात वारणा बझार, १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय. कच्चा माल, प्रक्रिया, साठवण, किरकोळ विक्री आणि शिकवणारे वर्ग, सगळं चालत जाता येईल एवढ्या टापूत. हंगामात वाठार-बोरपाडळे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकला नाही असा विद्यार्थी इथे सापडणार नाही. तो तासाला उशिरा पोहोचतो, आणि तासात त्याला बोस्टनकडचा खेळ शिकवला जातो.

तो खेळ म्हणजे 'बिअर गेम'. एमआयटीत जे. फॉरेस्टर यांच्या गटाने साठ-सत्तर वर्षांपूर्वी तो बसवला. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि दारूचा कारखाना असे चार जण एकमेकांशी न बोलता मागणी नोंदवत जातात. दुकानातली मागणी जरा हलली की कारखान्यापर्यंत पोहोचेस्तोवर तिचे हेलकावे कितीतरी पटींनी वाढलेले असतात. खेळ उत्तम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण हेच हेलकावे कारखान्याच्या शेती विभागात दर हंगामात येतात. गव्हाणीत (गिरणीत ऊस सोडणाऱ्या पट्ट्यावर) ऊस कमी पडून गाळप थांबलं की त्याला 'नो केन' म्हणतात आणि शेती अधिकाऱ्याला त्याचा धसका असतो. त्या धसक्याने गट ऑफिसांतून तोडणीच्या चिठ्ठ्या जास्त सुटतात. एक-दोन दिवसांत यार्ड भरतं, गाड्या रस्त्यावर येतात, तोडलेला ऊस उन्हात वाळतो. मग चिठ्ठ्या आखडल्या जातात, टोळ्या बसून राहतात आणि पुन्हा 'नो केन'ची भीती. चिठ्ठी आणि गव्हाण यांच्यामध्ये तोडणीचा, भरणीचा, वाहतुकीचा वेळ असतो, तो हिशेबात धरला नाही की असं होतं. हे समजायला कोणाला बिअरच्या कल्पित पेट्या मोजायची गरज नाही.

यार्डातल्या रांगेला गणितही आहे, आणि तेच गणित पाठ्यपुस्तकात आहे. रांगेत उभा असलेला सरासरी माल म्हणजे माल येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये हे सूत्र सिद्ध केलं. समजा, कारखाना दिवसाला ८,००० टन गाळतो आणि यार्डात कोणत्याही वेळी साधारण २,००० टन ऊस उभा दिसतो. भागाकार करा, एक गाडी सरासरी सहा तास थांबते. रांग ४,००० टनांची झाली की बारा तास. विद्यार्थ्याने यार्डाच्या फाटकाशी एक दिवस आणि एक रात्र बसून गाड्यांच्या येण्या-जाण्याच्या वेळा टिपल्या की त्याला हे सूत्र जन्मभर पुरेल. वर्गात ते परीक्षेपुरतं टिकतं.

पण माझा मुद्दा त्या पुढचा आहे. सहा तास गाडी थांबली, त्याचं बिल कोणाला? तोडणी मजुराला मोबदला टनावर मिळतो. बैलगाडी घेऊन आलेलं बीडकडचं जोडपं रात्रभर यार्डात बसलं, तर त्या रात्रीचे वेगळे पैसे नाहीत आणि दुसऱ्या दिवशीची तोड उशिरा सुरू होते. ट्रॅक्टरवाल्याच्या खेपा कमी होतात, पण कर्जाचा हप्ता तेवढाच राहतो. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा असं साखरेचं शास्त्र सांगतं, कारण कांडं तुटलं की त्यातलं पाणी उडायला लागतं आणि साखरेचं विघटन सुरू होतं. उन्हाळा जवळ येईल तसा हा वेग वाढतो. इथे दोन तोटे होतात आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी जातात. वजनातली घट ज्याचा ऊस त्याच्या एकट्याच्या माथी, कारण काट्यावर त्याच्या नावाने तेवढे टन कमी नोंदले जातात. उताऱ्यातली, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणातली, घट मात्र सगळ्यांची, कारण दर संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, तुमच्या-माझ्या उसाच्या उताऱ्यावर नाही. म्हणजे एकाच थांबलेल्या गाडीने एका शेतकऱ्याचं वजन खाल्लं, हजारो सभासदांचा उतारा चिमूटभर खाल्ला, मजुराची झोप खाल्ली आणि ट्रॅक्टरवाल्याची एक खेप खाल्ली. कारखान्याच्या ताळेबंदात यातलं कितीसं दिसतं? 'नो केन' मात्र ठळक दिसतं, कारण बंद गिरणीचा खर्च कारखान्याच्या नावावर पडतो. म्हणूनच रांग लांब ठेवणं कारखान्याला शहाणपणाचं वाटतं. त्यात कोणी दुष्ट असायची गरज नाही, खर्चाची वाटणीच तशी आहे.

व्यवस्थापनाच्या पोराला शिकवायचं ते हे. आखूड रांग कोणाला परवडते आणि लांब रांग कोणाला परवडते, हे ज्याला कळलं त्याला बंदरावरचं डेमरेज, ट्रकवाल्यांचं डिटेन्शन, मोठ्या वाहन कंपनीचं 'जस्ट इन टाइम' आणि त्यापायी सुट्या भागांच्या छोट्या पुरवठादाराने स्वतःच्या शेडमध्ये भरून ठेवलेला माल, हे सगळं न सांगता कळतं. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नोकरीला लागला तरी हाच पेच त्याच्या टेबलावर येणार आहे.

वाहतूक खर्चाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. केंद्र सरकारचा उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेल्या उसाचा असतो. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतूक कारखाना लावतो आणि तो खर्च बिलातून कापतो. बहुतेक ठिकाणी हा खर्च सरासरीने कापला जातो. परिणाम असा की कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात राहणारा शेतकरी आणि पन्नास-साठ किलोमीटरवरून ऊस घालणारा शेतकरी, दोघांच्या बिलातून टनामागे सारखीच कपात होते. उसासाठी स्पर्धा वाढली की कारखाने लांबून ऊस आणतात, सरासरी वाढते, आणि लांबच्या उसाचं भाडं जवळचा शेतकरी भरतो. उलट बाजूही आहे. अंतराप्रमाणे कपात केली तर डोंगरकडेच्या, रस्ता नसलेल्या वाडीतल्या सभासदाचं काय? तोही भागभांडवल भरून मालक झालेला आहे. यावर शेतकरी संघटना भांडतात, सर्वसाधारण सभेत आरडाओरड होते. व्यवस्थापनाच्या भाषेत हा खर्चवाटपाचा अस्सल प्रश्न आहे, त्याला एकच बरोबर उत्तर नाही, आणि म्हणूनच तो पदव्युत्तर वर्गात चालवायला हवा. मी अजून एकाही प्रश्नपत्रिकेत तो पाहिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की सिद्धांत सगळीकडे सारखे असतात, उदाहरण वॉलमार्टचं असलं काय आणि उसाचं असलं काय. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात उदाहरण बदललं की सिद्धांताच्या अटी उघड्या पडतात. मालाची किफायतशीर ऑर्डर किती असावी याचं फोर्ड हॅरिस यांचं १९१३ मधलं सूत्र प्रत्येक विद्यार्थी घोकतो. मागणी स्थिर, माल हवा तेव्हा हवा तेवढा मागवता येतो, अशा त्याच्या अटी आहेत. आता साखरेच्या गोदामात या. माल चार-पाच महिन्यांत तयार होतो आणि वर्षभर विकायचा असतो. किती तयार होणार ते चांदोली धरणाच्या पाणलोटातला पाऊस ठरवतो. किती विकायचा ते २०१८ पासून दर महिन्याचा कोटा देऊन दिल्ली ठरवते. किमान विक्री दरही तिथूनच येतो. २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला. साखर करायची की रसापासून इथेनॉल, हेसुद्धा पूर्णपणे कारखान्याच्या हातात नाही: ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आलं आणि ज्यांनी त्यासाठी नवे प्रकल्प उभारले होते त्यांची गणितं रात्रीत बदलली. या गोदामात हॅरिसचं सूत्र काय कामाचं?

आणि उसाचं बिल? कायद्याने १४ दिवसांत. माल बारा महिने विकायचा आणि कच्च्या मालाचे पैसे पंधरवड्यात द्यायचे, ही ओढाताण बँकेच्या तारण कर्जातून भागवली जाते. आकडा मांडून पाहू. साखर क्विंटलला ३,६०० रुपये धरली, व्याज १० टक्के आणि पोतं सरासरी चार महिने गोदामात पडून राहतं असं समजलं, तर क्विंटलमागे १२० रुपये व्याज झालं. उतारा १२ टक्के असेल तर एक टन उसातून १.२ क्विंटल साखर, म्हणजे उसाच्या टनामागे १४४ रुपये निव्वळ थांबण्याचे. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, विद्यार्थ्याने खरे घालावेत. एवढं एक गणित नीट सोडवलं तरी मालाची साखळी, पैशाची साखळी आणि कायदा यांचा गुंता त्याच्या ध्यानात येईल. 'कॅश टू कॅश सायकल' ही व्याख्या पाठ करून तो गुंता ध्यानात येत नाही.

दुधाबद्दल थोडक्यात सांगतो. सकाळ-संध्याकाळ गावोगावच्या संस्थांत फॅट आणि एसएनएफ मोजून दूध घेतलं जातं, थंड होतं, टँकरने जातं. हिवाळ्यात दूध जास्त, उन्हाळ्यात कमी, आणि जास्तीचं दूध पावडर आणि लोण्याच्या रूपात साठवायचं, हे पुस्तकातल्या बफर साठ्याचं सरळ उदाहरण. पण खरा धडा ऑगस्ट २०१९ चा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. कोल्हापूर-सांगलीतलं संकलन कोलमडलं, मुंबई-पुण्यात दुधाची टंचाई झाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर, पुन्हा महामार्ग बंद. महामार्ग बंद आहे म्हणून म्हैस दूध द्यायची थांबत नाही. त्या दिवसांत दूध कुठे गेलं, कुठल्या संस्थेने काय वाट काढली, कोणाला बिल मिळालं आणि कोणाला नाही, हे सांगणारी माणसं याच गावांत आहेत. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस अडकलं, ते मात्र आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तारखेसह पाठ आहे. शिरोलीचा फाटा त्याच्या नोट्समध्ये नाही.

माहितीच्या साखळीचंही असंच. १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प इथे आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून आजूबाजूची ७० गावं संगणकाने जोडायचं ठरवलं. शेतकऱ्याला बाजारभाव, पीकसल्ला, सगळं एका खिडकीत मिळणार होतं. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी येऊन पाहिलं तर गावातले संगणक मुख्यत्वे उसाच्या कारभारालाच वापरले जात होते: तोडणी चिठ्ठी, वजन, खत. मग त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं. ते स्वस्त पडलं, सोयीचं पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. माहिती-व्यवस्था उभारताना आधी कोणाला कोणता आकडा कधी हवा हे विचारायचं असतं, एवढं साधं तत्त्व. या प्रयोगावरचा शोधनिबंध जगभरच्या विद्यापीठांत वाचला गेला. वारणानगरच्या एमबीएला तो सक्तीचा असायला काय हरकत होती? मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डने २०१० मध्ये केस स्टडी काढली, तेव्हा कुठे आपण डबेवाले शिकवायला लागलो. तीच तऱ्हा.

दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि तो मी हलक्याने घेत नाही. पालक कर्ज काढून फी भरतो, पोराला चाकणला नाहीतर भिवंडीला नोकरी हवी असते आणि तिथे सॅप, एक्सेल, वेअरहाऊस सॉफ्टवेअर विचारतात. बरोबर आहे, ते शिकवायलाच हवं. पण सॉफ्टवेअर कंपनी आपल्या पद्धतीने पुन्हा शिकवतेच, आणि ते दर काही वर्षांनी बदलतं. मुलाखतीत दहा जण 'बुलव्हिप इफेक्ट'ची, म्हणजे बिअर गेममधल्या त्या हेलकाव्यांची, व्याख्या सांगतात. यार्डातल्या तीनशे गाड्यांच्या वेळा स्वतः टिपून, एक्सेलमध्ये मांडून, रांग कोणत्या तासाला का वाढते आणि ती दोन तासांनी कमी करायला काय करावं लागेल हे आकड्यांनिशी सांगणारा त्यांच्यात एकही नसतो. असा एक जण असला तर त्याला घेणार नाही असा अधिकारी मला दाखवा.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा अडसर तोच आहे. सहकारात राजकारण, आकडे बाहेर देत नाहीत, आणि त्या वाटेवर खुशाली (तोडीसाठी टोळीला द्यावे लागणारे वरचे पैसे), एंट्री (गाडीवाल्याचे वरचे पैसे), काटामारी (वजनात मारलेली घट) यांच्या तक्रारी असं बरंच काही आहे, मुलांना त्यात कशाला घालायचं? कुठल्या एका कारखान्याचं नाव घ्यायची गरज नाही, या तक्रारी राज्यभरच्या आहेत. माझं उत्तर असं की हाच तर अभ्यास आहे. पाळीप्रमाणे ऊस तुटत नाही तेव्हा खुशालीचा दर वाढतो. शेतकरी पाळी यायची वाट पाहून थकला की कधी ऊस पेटवलाही जातो, कारण जळका ऊस लगेच तोडावा लागतो. वेळापत्रक कोलमडलं की त्याची किंमत अशी रोखीत, चोरून वसूल होते. पुस्तकातल्या साखळीत सगळे प्रामाणिक असतात आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. नोकरीत पहिल्याच महिन्यात याच्या उलट अनुभव येतो.

शिक्षक म्हणतील, आम्ही कारखान्यात सहल नेतो की. नेता, ठाऊक आहे. अकरा वाजता बस, हेल्मेट घालून बॉयलिंग हाऊस, गरम साखरेची चिमूट, दुधाच्या संघात पिशव्या भरणारं यंत्र, गार लस्सी, फलकासमोर फोटो, प्रमाणपत्र. त्या सहलीत यार्ड येत नाही, कारण तिथे चिखल असतो, बैल असतात आणि वैतागलेली माणसं असतात. सहकाराचं कौतुक सांगायला नेमलेला अधिकारी विद्यार्थ्यांना यंत्र दाखवतो, रांग दाखवत नाही. भिवंडीच्या चकचकीत गोदामाची सहल आणि ही सहल यांत शिकण्याच्या दृष्टीने काडीचा फरक नाही, एवढं मी माझ्याच बाजूच्या लोकांनाही ऐकवतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला आणि फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आले आहेत. २०२४-२५ पासून बीबीए तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलं, अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. सध्या हे श्रेयांक ओळखीच्या दुकानाच्या लेटरहेडवर मिळवलेल्या प्रमाणपत्राने भरून निघतात, हे शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना दोघांनाही ठाऊक आहे. अभ्यास मंडळांवर बसलेल्यांना माझं सांगणं आहे की कोल्हापूर-सांगलीतल्या महाविद्यालयांपुरते तरी हे श्रेयांक गळीत हंगामाला बांधा. विद्यार्थ्याने एक गाडी फडापासून गव्हाणीपर्यंत घड्याळ लावून पाहावी, चिटबॉय (तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा), मुकादम, ट्रॅक्टरवाला, ऊसमालक आणि शेती अधिकारी यांच्याशी बोलावं आणि त्या एका गाडीच्या थांबण्याचा खर्च पाच जणांत वाटून लिहावा. अहवाल कारखान्याच्या शेती विभागासमोर मांडावा, त्यांना तो पटो वा न पटो. कारखान्यांनीही काट्याच्या आणि फाटकाच्या वेळांची नोंद, नावं काढून, महाविद्यालयांना द्यावी. सभासदांच्याच पोरांना सभासदांच्याच उसाचा हिशेब द्यायला कारखान्याला अडचण असेल, तर ती अडचण काय आहे हे वार्षिक सभेत विचारायचा अधिकार त्या पोरांच्या बापांना आहे.